दुनळी, चांदमारी आणि खुंटीवरची घोंगडी



मागच्या आठवड्यात सोयाबीनची नोंद टाकली नाही म्हणून तिघा-चौघांचे फोन आले. सोयाबीन बरं आहे. शेंगा भरत आहेत, उंट अळी आहे पण फवारणीची वेळ आली नाही. नोंद राहिली त्याचं कारण वेगळं. पुतण्याला घेऊन एक दिवस चांदमारीला गेलो होतो. चांदमारी म्हणजे नेमबाजीचं मैदान. दूरवर पांढरा गोल चांद लावायचा आन त्याच्यावर बंदुकीनं नेम मारायचा, म्हणून चांदमारी. छावणीच्या गावाला हा शब्द जुना आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्वी असलेल्या हिंगोलीला निजामाच्या काँटिन्जंट फौजेची छावणी होती, तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लगेच समजेल.

आज शेतीपेक्षा बंदुकीवरच लिहितो. लांबलचक झालं तर माफी असावी. पण रानडुकराचा विषय निघाला की दर दोन दिवसांनी कोणीतरी लिहितं, "बंदुकीचं लायसन द्या, मग बघा." त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या घरात एक दुनळी आहे, बारा बोर. लायसन माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या नावावर. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं आहे, पीक संरक्षण. दादाचं वय आता बहात्तर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री दिसत नाही. लायसनदाराचं वय सत्तर झालं किंवा त्यानं पंचवीस वर्षं बंदूक सांभाळली, तर हयातीतच वारसाच्या नावावर अर्ज करता येतो. २०१६ च्या नियमात ही सोय आहे. म्हणून पुतण्या मागं लागला, "काका, बंदूक माझ्या नावावर करायची. डुकरानं मागच्या साली भुईमूग ठेवला का?" नव्या अर्जाला बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद लागतो. दादाला प्रवास होत नाही. म्हणून मी गेलो.

गावापासून सेलू स्टेशनापर्यंत पुतण्याच्या बुलेटवर, पुढं रेल्वेनं छत्रपती संभाजीनगर. शहराबाहेर एका माळावर ती रेंज आहे. नेमाच्या मागं मातीचा मोठा बांध. काळ्या मातीचा बांध पावसात खचतो म्हणून त्यांनी मुरूम टाकून वर गवत लावलंय. माझं लक्ष आधी त्या बांधावरच गेलं, शेतकऱ्याची सवय. शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी टेबलावर तीन जुन्या बंदुका मांडल्या. एक पॉइंट टू-टू बोल्टची रायफल, एक तीनशे पंधरा बोरची रायफल आन एक एकनळी बारा बोर. तिन्हींचे लाकडी दस्ते हात लागून लागून काळे पडलेले.

पुतण्यानं विचारलं, "सर, थ्री-नॉट-थ्री नाही का?" सर हसले. म्हणाले, ती सरकारी बोर आहे, तुझ्या-माझ्या लायसनवर मिळत नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते आन मला वाचून-ऐकून ठाऊक होतं ते, दोन्ही मिळून इथं लिहितो.

लंडनजवळ एनफिल्ड नावाचं गाव आहे. तिथं इंग्रज सरकारचा बंदुकीचा कारखाना होता. १८५७ साली शिपायांना जी नवी रायफल दिली तिचं नाव एनफिल्ड. तिचं काडतूस दातानं तोडून दारू नळीत ओतायची. त्या काडतुसाला गाईची आन डुकराची चरबी आहे ही गोष्ट पसरली आन पुढचं बंड सगळ्यांना माहीत आहे. त्याच कारखान्याचं नाव पुढं थ्री-नॉट-थ्रीला लागलं, ली-एनफिल्ड. दहा गोळ्यांचं खोकं, हातानं बोल्ट मागं ओढायचा. दोन्ही महायुद्धांत आपली पोरं तीच रायफल घेऊन लढली. आपल्याकडं बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनायची. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच कारखान्यानं तिच्यात ७.६२ ची गोळी बसेल असा बदल केला. पोलिसांच्या खांद्यावर तर ती आत्ता आत्तापर्यंत होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० ला निरोप दिला.

आन पुतण्या ज्या गाडीवर बसून आला ती बुलेट! त्या सायकल कंपनीला एनफिल्डच्या कारखान्यासाठी बंदुकीचे भाग बनवायचं काम मिळालं, त्यावरून रॉयल एनफिल्ड हे नाव. गाडीच्या जुन्या खुणेत तोफ होती ती यामुळंच. पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. चेहरा बघण्यासारखा झाला.

तीनशे पंधरा बोरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांना सत्तावनची भीती शेवटपर्यंत गेली नाही. १८७८ साली त्यांनी हत्याराचा कायदा केला आन हिंदी माणसाला लायसनशिवाय बंदूक ठेवायला बंदी घातली. लायसन दिलं तरी फौजेची गोळी त्याच्या हाती लागू नये, म्हणून शिकारीच्या रायफलीला वेगळी बोर ठेवली. तीनशे पंधराची गोळी लष्करी रायफलीत बसत नाही. इंग्रज गेले, ती बोर मात्र आपल्याकडं राहिली. आजही लायसनदाराला तीच मिळते.

आता आपल्या मुलखाचं. परभणी इंग्रजांच्या नाही, निजामाच्या राज्यात. बहुतेक गावात पाटील-देशमुखाच्या वाड्यावर एखादी ठासणीची बंदूक असायची. नळीत दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं, मग टोपी बसवून बार काढायचा. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत हरीण शिवाराबाहेर. पावसाळ्यात दारू सादळली की नुसता फुस्स आवाज. आमच्या आजोबांकडं अशीच एक होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण नाही. निजामानं सामील व्हायला नकार दिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये दिल्लीशी 'जैसे थे' करार झाला, पण गावागावात कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत गेला. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडं कॅम्प करून राहिले. आपल्या बाजूची बरीच पोरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडच्या कॅम्पला गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यातच होतं. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज शिरली. मुख्य फौज सोलापूरकडून, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

१७ सप्टेंबरला झेंडा लावताना प्रत्येक गावात सांगतात की आमच्या वाड्यावरून रझाकारावर बार काढले. काही ठिकाणी ते खरं आहे. आमच्या घराचं मात्र खरं लिहितो. आजोबांच्या बंदुकीनं रझाकारावर एकही बार काढला नाही. रझाकार बंदुका गोळा करत फिरतात असं कळल्यावर आजोबांनी ती गोणपाटात गुंडाळून ज्वारीच्या पेवात टाकली. वरून ज्वारी भरली, तोंड बंद केलं. नव्या पोरांना पेव ठाऊक नसेल. जमिनीखाली खोल खड्डा करून त्यात धान्य साठवायचे, ते पेव.

पोलिस ॲक्शन झाली आन मग दुसरी गोष्ट सुरू झाली, जी आपण १७ सप्टेंबरला सांगत नाही. रझाकारांनी केलेल्याचा सूड म्हणून मराठवाड्यात किती गावांत निरपराध मुसलमान माणसं मारली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच साली फिरून त्याचा अहवाल दिला, तो सरकारनं कितीतरी वर्षं बाहेर काढला नाही. आजी सांगायची, त्या आठवड्यात आपल्या वाड्यात गावातली दोन मुसलमान घरं मुक्कामाला होती. आजोबा दारात बाजेवर बसून होते. आजीनं म्हणलं, पेवातली काढायची का? आजोबा म्हणाले, "काढली तर कोणीतरी मरंल. राहू दे." हातात नुसती काठी. सगळ्या गावांत असं झालं नाही हेही खरं. आमच्या गावात निभावलं, एवढंच.

पेव पुढच्या साली उघडलं तेव्हा बंदूक गंजून गेली होती. आजोबांनी ती जमा करून टाकली.

मग देशाचा स्वतःचा हत्यारांचा कायदा आला, १९५९ चा. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनी पीक संरक्षणाचं लायसन काढलं आन एका सालच्या कापसाच्या पैशातून ही दुनळी घेतली. पण तोपर्यंत १९७२ चा वन्यजीव कायदा आला होता. हरणावर, काळविटावर बंदूक उचलणं बंद झालं. शेताचं नुकसान करणाऱ्या रोह्याला, डुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणजे आमच्या दुनळीचं काम जन्मापासून एकच राहिलं. मचाणावर घेऊन बसायचं आन आवाज करायचा. निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. दादाच्या काळात तर ती शेतापेक्षा ठाण्यातच जास्त फिरली असं आम्ही चेष्टेनं म्हणतो.

आता रेंजवर परत येतो.

सरांनी आधी तासभर बंदुकीला हात लावू दिला नाही. चार गोष्टी पाठ करून घेतल्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडं नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आन चौथी, नेम कशावर आहे आन त्याच्या मागं काय आहे हे दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. त्यांनी टू-टूची गोळी तळहातावर ठेवली. शेंगदाण्याएवढं शिसं. म्हणाले, ही कशाला अडली नाही तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते. हवेत मारली तरी कुठंतरी खाली येतेच. लग्नात बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग पंचवीस मीटरवर कागदी चांद लावले. पालथं पडून, दस्ता खांद्यात घट्ट, मागच्या खाचेत पुढचा खुंट बसवायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचा आन चाप हळू दाबायचा, झटका द्यायचा नाही. पुतण्यानं पाच गोळ्या मारल्या. पाची एका वाटीच्या तोंडात बसतील एवढ्या जागेत. सर म्हणाले, हात चांगला आहे पोराचा. तो हसून माझ्याकडं बघू लागला.

मग माझी पाळी. पस्तीस वर्षांनी मी बंदूक हातात घेतली. दोन गोळ्या चांदात, तीन बाहेर. सरांनी विचारलं, "डोळ्याचा त्रास आहे का?" मी नाही म्हणलं. डोळे ठीक आहेत. हात थरथरत होता.

बारा बोर एकनळीचा एक एक बार मारायला दिला. पुतण्यानं मारला. मी नको म्हणलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, गर्दी नव्हती. पुतण्या मोबाइलवर आपल्या चांदाचा फोटो मित्रांना पाठवत होता. मी त्याला म्हणलं, ठेव जरा तो. आन जे घरात दादा, मी आन आमची आई सोडून कोणाला माहीत नव्हतं ते सांगितलं.

१९९० सालची गोष्ट. रब्बीची ज्वारी हुरड्यात. मी एकवीस वर्षांचा, पाठीवरून वारं जात होतं. अण्णांना ताप होता म्हणून मी मचाणावर. लायसन त्यांचं, बंदूक माझ्या हातात द्यायला नको होती, पण दिली. मध्यरात्रीनंतर शेजारच्या बांधाकडून ज्वारी हलली. मला वाटलं रोही. आवाज दिला नाही, बॅटरी मारली नाही, सरळ आवाजाच्या दिशेनं बार काढला. लगेच माणसाचा आवाज आला. शेजारच्यांचा सालगडी होता. रोही हाकलायलाच तिकडून आत शिरला होता. थंडीचे दिवस म्हणून डोक्यावरून जाड घोंगडी घेतलेली. अंतर बरंच होतं, छर्रे बारीक होते. तीन छर्रे घोंगडीत अडकले, एक त्याच्या पोटरीला लागला. तो वाचला. ज्वारी थोडी कमी उंच असती किंवा एल.जी.चं मोठं काडतूस असतं तर मी आज हे लिहीत नसतो.

अण्णा तापातच उठले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या पायावर डोकं ठेवलं. नवी घोंगडी दिली आन जुनी मागून घेतली. ती आणून बंदुकीशेजारच्या खुंटीला अडकवली. तेव्हापासून आमच्या घरात काडतुसं आन बंदूक एका खोलीत राहिली नाहीत.

पुतण्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "काका, ती घोंगडी आज्याची नाही?" त्याला लहानपणापासून तेच वाटत होतं. मी नाही म्हणलं. मग विचारलं, "तो माणूस?" मी नाव सांगितलं. वारला काही वर्षांपूर्वी, म्हातारपणानं. त्याचा पोरगा आपल्याच गावात ट्रॅक्टर भाड्यानं चालवतो. पुतण्या रोज ज्याच्याबरोबर चहा पितो तोच.

घरी आल्यावर त्यानं घोंगडी खुंटीवरून काढली आन उजेडाला धरली. भोकं अजून आहेत. मधली दोन कसरीनं मोठी केलीत, पण कडा बघितली की कळतं कोणती कशाची. दादा बाजेवरून बघत होते, काही बोलले नाहीत.

मी त्याला एवढंच म्हणलं. तुझा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, माझाही त्या वयात चांगला होता. चांदाच्या मागं मातीचा बांध असतो. आपल्या शिवारात चांदाच्या मागं कोण असतं? सालगडी, दारं धरायला आलेला शेजारी, मोटर चालू करायला निघालेली बाई. रात्रीची लाइट आहे तोवर आपलं निम्मं गाव रात्रीच शेतात असतं.

आता कामाचं, कारण इथं तज्ज्ञ मंडळीही वाचतात. डुकराचा त्रास खोटा नाही. भुईमूग, मका, ऊस, हरभरा, काही ठेवत नाही. पण बंदुकीनं तो सुटला असता तर आमच्या दुनळीनं इतक्या वर्षांत सोडवला असता. आवाजाला जनावर दोन-चार दिवस भितं, मग त्यालाही सवय होते. आम्ही यंदा भुईमुगाच्या दोन एकराला सोलरचं झटका कुंपण करतोय. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण डुक्कर उडी मारत नाही, खालून घुसतं. तारेखालचं गवत काढत राहावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. आन हात जोडून सांगतो, कुंपणाला घरची लाइट जोडू नका. झटक्याचं मशीन क्षणभर झटका देऊन सोडतं, घरची लाइट सोडत नाही. त्यानं डुकरापेक्षा माणसं जास्त मेली असतील. नुकसान झालं तर फोटो काढा, लगेच वनखात्याकडं अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. मिळतं ते कमी असेल, पण नोंद होते. कुंपणाचा खर्च आन हंगामाअखेरचा हिशेब इथंच टाकीन, फसलं तरी टाकीन.

लायसनच्या अर्जाचं काय, असं तुम्ही विचाराल. प्रशिक्षणाचा कागद मिळालाय. अर्ज टेबलावर आहे, कोरा. पुतण्या म्हणतो खंडेनवमीपर्यंत विचार करतो. दादा म्हणतात, घेतलं तरी हरकत नाही, नाही घेतलं तर जमा करून टाकू, आजोबांनी केली तशी. मी कोणत्याच बाजूनं बोलत नाही. हा निर्णय त्याचा आहे, पण तो आता सगळं माहीत असून घेईल.

एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत अशी जुनी बंदूक असेल, किंवा होती असं ऐकलं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोणी घेतली, कशासाठी घेतली आन तिनं खरं काय केलं हे विचारून वहीत लिहून ठेवा. शौर्याची गोष्ट सगळे सांगतात. चुकलेल्या बाराची कोणी सांगत नाही, आन पोरांच्या कामाला येते तीच.

सोयाबीनची नोंद उद्या टाकतो. उघडीप मिळाली तर तुरीच्या शेंड्याच्या छाटणीचीही.